स्पर्शाचा हिशेब द्या



गेल्या १६ ऑक्टोबरला चांद्याच्या दीक्षाभूमीवर गेलो होतो. १९५६ साली नागपूरनंतर दोनच दिवसांनी बाबासाहेबांनी तिथे दीक्षा दिली, म्हणून आमच्याकडचा माणूस नागपूरला जाऊन आला तरी चांदा चुकवत नाही. मार्कंड्याहून आम्ही पाच जण होतो. पुस्तकांच्या स्टॉलवर खिसे रिकामे केले नि मग टपरीवर एका चहाचे दोन करून बसलो. तिथे आमच्या एका इंजिनियर मित्राने फोन काढला आणि एक चित्रफीत दाखवली. एक लोखंडी हात. समोर कापडी खणांची मांडणी, खणांत कोंबून भरलेले सामान. हात आत जातो, सामान हलकेच बाजूला सारतो, जागा करतो, नवा डबा आत सरकवतो. काही फुटत नाही, काही चेंगरत नाही.

मित्र म्हणाला, "बघ, याला स्पर्श कळतो. आता कसली शिवाशिव? यंत्राला जात नसते. दहा वर्षांत सगळी घाण कामं हेच करणार. जात आपोआप मरते की नाही बघ."

बाजूला लाल झेंड्यातले एक जुने काका बसले होते. ते भडकले. "अबे, हे यंत्र तुमच्या पोटावर येऊन राहिलं. शेतातून हाकललं, गिरणीतून हाकललं, आता गोदामातूनही हाकलतील. आलं की पहिल्या दिवशीच फोडा त्याले."

दोघेही आपलेच. आणि दोघांशीही माझे भांडण आहे. त्या रात्री मला बोलता आले नाही. मी आठवी नापास माणूस, राईस मिलमध्ये पोते उचलतो, आणि हे दोघे फार भराभर बोलतात. पण घरी आल्यावर ते मनातून जाईना. वाचनालयात बसलो, फोनवर मिळेल ते वाचले, न कळलेले दुसऱ्यांना विचारले. मला वेळ लागतो, पण मी विसरत नाही. म्हणून हे लिहितो आहे.

*

आधी सरळ माहिती, कारण माहितीशिवाय शिवी दिली तर ती हवेत जाते.

अ‍ॅमेझॉन कंपनीने मे २०२५ मध्ये जर्मनीतल्या डॉर्टमुंड शहरात हा यंत्रहात जगाला दाखवला. नाव ठेवले व्हल्कन. अमेरिकेत स्पोकेनच्या आणि जर्मनीत हँबुर्गच्या गोदामात त्याला कामाला लावले. कंपनी सांगते की गोदामात ठेवायच्या वस्तूंपैकी सुमारे ७५ टक्के प्रकारच्या वस्तू तो हाताळू शकतो.

यात नवे काय? लोखंडी हात तर १९६१ साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या कारखान्यात लागला. आपल्या चाकणला मोटारींच्या कारखान्यांत असे हात रोज वेल्डिंग मारतात. पण ते हात बधिर. ठरलेली वस्तू ठरलेल्या जागी असेल तरच त्यांचे काम. वस्तू दोन बोटे सरकली की हा बहाद्दर हवेत वेल्डिंग मारत बसणार. मग त्याला कॅमेरे लावले. डोळे आले. पण दुधाची पिशवी किती दाबावी हे डोळ्याने कळत नाही. हात खणात घातला की हातच डोळ्याच्या आड येतो. अंधारात, गर्दीत, ओल्यात, मऊ वस्तूत काम करायचे तर बोटच लागते.

म्हणून बोट बनवायला घेतले. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात २००९ साली जेलसाइट नावाची युक्ती निघाली. पारदर्शक मऊ जेलची गादी, तिच्यावर चमकत्या रंगाचा पातळ थर, आतून दिवे आणि कॅमेरा. गादी वस्तूवर टेकली की तिच्यात वस्तूचा ठसा उमटतो, आणि आतला कॅमेरा तो ठसा सावल्यांवरून वाचतो. दुसरी रीत अशी की दोन पातळ पट्ट्यांत मऊ थर ठेवायचा. दाब आला की पट्ट्या जवळ येतात, त्यांच्यातला विजेचा साठा बदलतो, त्यावरून दाब मोजायचा. तिसरी रीत थरथर पकडण्याची. वस्तू बोटातून निसटण्याआधी बारीक थरथरते. ती थरथर कळली की यंत्र पकड आवळते.

दोस्तहो, हे सगळे तुमचे बोट आईच्या दुधाबरोबर शिकलेले आहे. स्वीडनच्या योहान्सन आणि वालबो या संशोधकांनी १९७९ साली हिशेब मांडला. एका माणसाच्या एका तळहातात नि बोटांत मिळून स्पर्श ओळखणारे सुमारे १७,००० तंतू असतात, आणि ते सगळ्यात दाट असतात बोटांच्या टोकाला. पुढे असाही प्रयोग झाला की माणसाच्या बोटांची टोके औषधाने बधिर केली आणि काडेपेटीतली काडी पेटवायला सांगितली. डोळे उघडे, हात धडधाकट, डोके ठिकाणावर. पण काडी हातातून पडते, उचलताना पुन्हा पडते, पेटवता पेटवता माणूस घामाघूम.

स्पर्श ही एवढी मोठी विद्या. साऱ्या दुनियेचे शास्त्रज्ञ ती यंत्राच्या बोटात उतरवण्यासाठी रक्त आटवताहेत. आणि ही विद्या ज्यांच्या बोटांत होती, त्यांना या देशाने नाव काय दिले? अस्पृश्य.

*

आता आपला हिशेब काढू. काका, तुम्ही गिरणीचे नाव घेतलेत ना? मग गिरणीपासूनच काढू.

मुंबईच्या कापड गिरण्यांत आपली माणसे हजारोंनी होती. पण कुठे? सूतकताईत, कमी पगाराच्या खात्यांत. जास्त पगार विणकाम खात्यात, आणि तिथे आपल्याला दार बंद. कारण काय, तर धोट्यातले सूत तुटले की नवी कांडी लावून सुताचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. आपल्या माणसाची थुंकी धोट्याला लागली तर पुढच्या पाळीतला सवर्ण कामगार बाटेल! दार मालकाने एकट्याने बंद केले नव्हते. मागावर उभे असलेले कामगारबंधूच ते आतून धरून होते. १९२८ च्या सहा महिन्यांच्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी युनियनच्या पुढाऱ्यांना विचारले की ही आडकाठी काढण्याची मागणी तुमच्या यादीत का नाही? आमची माणसे संपात हवीत, मग आमचे दुःख यादीत का नको? तेव्हा कुठे नाइलाजाने ती मागणी घेतली गेली. काका, हे आम्ही विसरत नाही. तुम्हीही विसरू नका.

आता इंजिनियर मित्रा, तुझ्यासाठी. हा प्रश्न यंत्राने सुटला असता. तोंड न लावता सूत ओवून घेणारा धोटा नॉर्थ्रॉपच्या मागाबरोबर अमेरिकेत १८९४-९५ च्या सुमारासच निघाला होता. तोंडाने सूत ओढल्याने क्षय पसरतो म्हणून मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ साली तोंडाचा धोटा कायद्याने बंद केला. म्हणजे बाबासाहेब १९२८ साली भांडत होते तेव्हा विटाळावरचे यंत्र जगात तीस वर्षांचे जुने झाले होते. मुंबईच्या गिरण्यांत मात्र बहुतेक साधेच माग चालत राहिले. का? कारण इथे हात स्वस्त होते, तोंड त्याहून स्वस्त होते, आणि जातीने कामगार आपोआप फोडून ठेवला होता. मालकाला हे फुकटचे कुंपण सोयीचेच होते.

म्हणून तू म्हणतोस ना, यंत्राला जात नसते? कबूल. पण यंत्र कुठे येईल, कधी येईल, कोणासाठी येईल हे ठरवणाऱ्याला जात असते. तो ते ठरवतो आणि यंत्र मुकाट्याने त्याचे ऐकते.

*

पुरावा पाहिजे? गटारात बघ.

अंगाला, नाकाला, जिवाला ज्या कामात धोका आहे, जिथे माणसाने हात घालूच नये, तिथे यंत्राचे बोट पहिल्यांदा जायला नको होते का? केरळात २०१८ साली तिरुवनंतपुरमच्या काही तरुण इंजिनियरांनी बँडिकूट नावाचे यंत्र आणले. मॅनहोलमध्ये उतरते, यांत्रिक हाताने गाळ काढते, माणूस वर उभा राहून चालवतो. म्हणजे यंत्र आहे. कायदाही आहे, १९९३ चा होता, मग २०१३ चा आला. सर्वोच्च न्यायालय आहे. त्याने २०१४ साली गटारात मेलेल्याच्या घरच्यांना १० लाख द्यायला सांगितले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ते ३० लाख केले. आणि एवढे सगळे असताना, सरकारनेच संसदेत दिलेल्या आकड्याप्रमाणे, २०१९ ते २०२३ या पाच वर्षांत गटारे आणि सेप्टिक टँक साफ करताना ३७७ माणसे मेली. ती कोणाची होती हे तुम्हा-आम्हाला सांगायला नको.

डबा खणात ठेवताना चेंगरू नये म्हणून यंत्राला बोट आले. माणूस गटारात गुदमरू नये म्हणून मात्र दोरीसुद्धा वेळेवर मिळत नाही. डबा चेंगरला तर नुकसान कंपनीच्या वहीत दिसते. माणूस मेला तर नुकसान झोपडीत दिसते, आणि झोपडीची वही कोणी तपासत नाही.

मित्रा, तुझी "आपोआप" नावाची देवी आहे ना, तिचा मला कधी अनुभव आला नाही. आपोआप आपल्याला काहीच मिळालेले नाही. चवदार तळ्याचे पाणीसुद्धा नाही.

*

आता माझ्या मिलवर या.

आमच्याकडे धानाचे राज्य. चंद्रपूर-गडचिरोलीत गावोगाव राईस मिल. मी ज्या मिलमध्ये आहे तिचे नाव लिहीत नाही, कारण मला उद्याही तिथेच जायचे आहे. धान येतो, चाळला जातो, मग रबरी रोलरच्या शेलरमधून जातो. दोन रोलर उलट्या वेगाने फिरतात आणि दाण्यावरचे टरफल ओरबाडून काढतात. रोलरमधले अंतर जास्त राहिले तर धान तसाच बाहेर येतो. कमी झाले तर तांदळाचा तुकडा होतो, कणी होते, मालकाचा भाव पडतो. ते अंतर कसे लावतात? आमचा म्हातारा मिस्त्री बाहेर पडणारा माल मुठीत घेतो, अंगठ्याने तळहातावर चोळतो आणि चाकी अर्धा आटा फिरवतो. झाले. त्याने कधी मोजपट्टी लावलेली मी पाहिली नाही. आता माझाही अंगठा थोडा थोडा शिकला आहे.

माझी माय याच मिलमध्ये तांदूळ निवडत होती. खडे, काळा दाणा, पिवळा दाणा. ती धान मुठीत धरून सांगायची, "अजून दोन उन्हं पाहिजेत." ओल मोजायचे मीटर नंतर आले. मेच्या उन्हात ती तेंदूची पाने तोडायला जाते. सत्तर पानांचा एक पुडा. ती बोलत असते, नातवावर ओरडत असते, आणि बोटे सत्तर पाने मोजत असतात. कोवळे, जून, फाटके पान बोटांनाच कळते. रोवण्याच्या दिवसांत गुडघाभर चिखलात वाकून पऱ्ह्यांची पेंडी सोडते नि चिखलात बोट घालून रोप किती खोल बसले ते बघते. डोळ्याला तिथे काही दिसत नाही. मग तेलंगणात मिरची तोडायला. पंधरा पंधरा दिवस बोटांची आग जात नाही.

मिलमध्ये सॉर्टेक्स आले तेव्हा आठ बाया एका दिवसात घरी बसल्या. त्यात माझी माय. सॉर्टेक्स म्हणजे तांदूळ घसरगुंडीवरून पडतो, कॅमेरा दाणा दाणा बघतो, काळा दिसला की हवेचा फटका मारून बाजूला उडवतो. काम चोख करते, मी खोटे बोलणार नाही. मायचे डोळे दिवसभर त्या कामाने लाल होत, तेही मला आठवते. यंत्र आले म्हणून मी रडलो नाही. पण ज्या आठ बायांनी वीस वीस वर्षे त्या मिलचा तांदूळ बाजारात नावाजून दिला, त्यांना यंत्र आल्यावर काय मिळाले? एक एक साडी.

त्यांच्या नावापुढे मजुरीच्या वहीत शब्द होता "अकुशल". माझ्या नावापुढे आजही तोच आहे. मिस्त्रीच्या नावापुढे "अर्धकुशल".

आता नीट ऐका, कारण माझे मुख्य म्हणणे इथे आहे. या देशात हजारो वर्षे एक शिडी उभी आहे. वरच्या पायरीवर डोके, खालच्या पायरीवर हात. पाठांतर करणारा, पंचांग मांडणारा, हिशेब लिहिणारा तो ज्ञानी. कातडे कमावणारा, दगड फोडणारा, पेर लावणारा, बाळंतपण करणारी ती अडाणी. बरे. मग यंत्र आले. यंत्राने आधी काय गिळले? पाठांतर गिळले. हिशेब गिळला. पंचांग तर चुटकीसरशी गिळले. १९९७ साली डीप ब्लू नावाच्या यंत्राने बुद्धिबळातल्या जगज्जेत्या कास्पारोव्हला हरवले. आणि त्यानंतर जवळजवळ तीस वर्षे झाली, तरी खणातला मऊ पुडा न चेंगरता उचलायला यंत्र आज कुठे शिकते आहे! हान्स मोराव्हेक नावाच्या यंत्रशास्त्रज्ञाने १९८८ सालीच हे सांगून ठेवले होते की मोठ्यांचे बुद्धिबळ यंत्राला सोपे जाते, आणि वर्षाच्या पोराचे बघणे-चालणे-पकडणे महाकठीण जाते.

म्हणजे ज्याला तुम्ही सगळ्यात वरचे समजलात ते सगळ्यात सोपे निघाले. आणि ज्याला अकुशल म्हणून हाकलले ते सगळ्यात अवघड. शिडी उलटी होती, दोस्तहो. हे आता मी म्हणत नाही, त्यांच्याच प्रयोगशाळा म्हणताहेत, त्यांच्याच पैशाने.

मग ते "अकुशल" पुसणार की नाही? पुसणार नाहीत. हाताची विद्या काढून घेईपर्यंत ते तिला अडाणीपणा म्हणतील, आणि काढून घेतली की पेटंट म्हणतील. २०२५ साली बातम्या आल्या की तामिळनाडूत करूर गावी तरुण कामगार कपाळाला कॅमेरा बांधून दिवसभर टॉवेलच्या घड्या घालतात. टॉवेल कोणाला नको आहे, हाताची हालचाल हवी आहे. ती चित्रे परदेशी कंपन्यांकडे जातात, यंत्रमाणसाला घडी घालायला शिकवायला. करूर म्हणजे कापडाचे गाव. तिथल्या पिढ्यांनी मागावर जे हात घडवले, त्या हातांचा रोज मजुरीवर छापा घेतला जातो आहे. मजुरी मिळते, ठीक. पण छापा कोणाचा? त्या छाप्यावर उद्या जे कोटी रुपये उभे राहतील त्यात त्या पोराचा वाटा किती? एकलव्याकडे निदान अंगठा मागितला होता. इथे विचारतसुद्धा नाहीत.

*

आता ते सांगतो, जे सांगायला मला आजवर जमले नव्हते.

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात, धानाच्या मोसमात, आमचा एक गडी एलिव्हेटरच्या पट्ट्याजवळ अडकलेला भुसा काढत होता. पट्टा चालू होता. बंद करायचा नाही असा हुकूम, बाहेर ट्रक लागलेले. त्याचा हात आत गेला. तर्जनीचे पहिले पेर गेले, मधल्या बोटाचे टोक गेले. पट्टा थांबला नाही. पट्ट्याला काय कळणार की आत आलेला तो भुसा नाही, माणूस आहे? ओरडा ऐकून मीच धावत जाऊन खटका पाडला. तोवर जे व्हायचे ते झाले होते.

नंतर मी कायदा वाचला. १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा, तेव्हा तोच लागू होता. आता तो २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घातला आहे. त्या कायद्याच्या परिशिष्टात बोटांचा भाव लिहिला आहे. पूर्ण तर्जनी गेली तर कमाईची ताकद १४ टक्के गेली. एक पेर गेले तर ९ टक्के. मधले बोट पूर्ण गेले तर १२, त्याचे नुसते टोक गेले आणि हाड वाचले तर ४. अनामिका किंवा करंगळी पूर्ण गेली तर ७. आमच्या गड्याचे झाले नऊ आणि चार, तेरा टक्के. त्याला तेही मिळाले नाही. दवाखान्याचा खर्च आणि वर दहा हजार, कागदावर अंगठा. अंगठा शाबूत होता ना!

१७,००० तंतूंचा हात. त्यातला सगळ्यात दाट भाग म्हणजे बोटाचे टोक. जे यंत्राच्या बोटात उतरवायला दुनियेचा पैसा ओततात, त्याचा भाव कायद्यात चार टक्के, आणि आमच्या मिलमध्ये शून्य.

आणि आता ज्याने माझी झोप गेली ते ऐका. माणसाला लागताच थांबणारे यंत्र जगात आहे. माणसाच्या शेजारी काम करणारे यंत्रहात असतात, त्यांच्या सांध्यांत नि कातडीवर स्पर्श कळतो. माणसाचा धक्का लागला की जागच्या जागी उभे राहतात. त्यासाठी २०१६ साली आंतरराष्ट्रीय नियम निघाला आहे, आयएसओ १५०६६. त्यात माणसाच्या शरीराच्या २९ जागांची यादी आहे, आणि कुठल्या जागी यंत्राचा धक्का किती जोराचा चालेल ते लिहिले आहे. कपाळाला किती, छातीला किती, बोटाला किती. दोस्तहो, ती यादी मी दोनदा वाचली. माझ्या वाचनात आलेला हा पहिला कागद, ज्यात कामगाराचे अंग इतक्या बारकाईने जपलेले होते. पण तो नियम यंत्रहाताचा. आमच्या पट्ट्याला तो लागू नाही. आमच्या पट्ट्याला तेव्हा लागू होते साधे कुंपण, फिरत्या यंत्राला आडोसा घाला असे सांगणारे १९४८ च्या कारखाने कायद्याचे २१ वे कलम. साधी जाळी. तीही नव्हती.

आणि काका म्हणतात, यंत्र फोडा. कोणते यंत्र फोडू? बोट खाणारे की बोट जपणारे?

*

बाबासाहेबांनी १९४५ च्या गांधी आणि काँग्रेसवरच्या ग्रंथात यंत्राचा प्रश्न स्पष्ट मांडला आहे. चरख्याकडे चला म्हणणाऱ्यांना त्यांनी सुनावले आहे. त्यांच्या म्हणण्याचा सारांश असा: यंत्राने माणसाला फुरसत मिळते, आणि फुरसतीशिवाय माणूस जनावराच्या वर उठत नाही. यंत्रामुळे जे वाईट होते त्याचा दोष यंत्राचा नाही, त्याचा फायदा मूठभरांच्या घरात नेणाऱ्या समाजरचनेचा आहे. आणि १९३८ साली मनमाडला रेल्वे कामगारांपुढे त्यांनी दोन शत्रू सांगितले होते, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. इंजिनियर मित्र दुसरा शत्रू विसरला. काका पहिला विसरले. एवढेच भांडण आहे.

भांडण कुठल्या जमिनीवर उभे आहे तेही बघा. भिवंडीत काल यंत्रमागांचा खडखडाट होता, आज त्याच भिवंडीत गोदामांच्या रांगा आहेत. आपली पोरे हातात स्कॅनर घेऊन तिथे धावतात. २०२४ साली हरियाणात मानेसरच्या गोदामातून बातमी आली की माल उतरवून होईपर्यंत पाणी-लघवीला जाणार नाही अशी कामगारांकडून शपथ घेतली. मानवाधिकार आयोगाला दखल घ्यावी लागली. म्हणजे यंत्राला माणसाचे बोट देण्याआधी त्यांनी माणसाचे यंत्र करून बघितले. आणि लांब कशाला, आमच्याच चामोर्शी तालुक्यात कोनसरीला लोखंडाचा कारखाना उभा राहिला. तिथे यंत्र कोण चालवेल आणि झाडू कोण मारेल, हे आजच ठरते आहे. आपण इथे कविता वाचत बसलो तर आपल्यावाचून ठरेल.

होय, कविता. मी स्वतः कवी म्हणवतो, म्हणून आपल्या माणसांना बोलायचा मला हक्क आहे. आपण स्पर्शावर किती लिहिले! विटाळ, सावली, मडके, झाडू. लिहिलेच पाहिजे होते. पण त्यांनी तोवर स्पर्श मोजला, त्याचे ग्रॅम नि मिलिमीटर काढले, त्याला कारखान्यात लावला. आपण आजाच्या पाठीवरचा झाडू आठवत राहिलो आणि आपल्या तळहातात काय आहे ते बघायचे राहून गेले.

म्हणून माझे चार मुद्दे. बैठकीत मांडा, फाडा, सुधारा.

एक. "अकुशल" हा शब्द मजुरीच्या प्रत्येक वहीतून हटवण्याची मागणी करा. ज्या कामासाठी यंत्राला तीस-तीस वर्षे शिकवावे लागते ते काम करणारा माणूस अकुशल कसा? हा प्रश्न कामगार आयुक्तांच्या कचेरीत लेखी विचारा.

दोन. जिथे कामगाराच्या हाताची चित्रे, माप, हालचाल यंत्राला शिकवायला घेतली जाते, तिथे त्या कामगाराची लेखी परवानगी आणि कायमचा वाटा. एक दिवसाच्या मजुरीत पिढ्यांची विद्या विकली जाऊ देऊ नका.

तीन. यंत्र येण्याचा क्रम आपण ठरवणार. आधी गटारात. मग जिथे बोटे तुटतात त्या पट्ट्यांवर. डबे शेवटी. नगरपालिकेच्या सभेत बजेट वाचले जाते तेव्हा आपला एक तरी माणूस तिथे बसलेला पाहिजे आणि त्याने विचारले पाहिजे की गटाराच्या यंत्राचे पैसे कुठे गेले.

चार. शिका. डिग्री मिळाली नाही तरी शिका. आयटीआयमध्ये जा, बहिणींना पाठवा. पट्टा थांबवणारी दोरी, खटका, सेन्सर कसा बसतो ते उघडून बघा. यंत्राची भीती ज्याला वाटते त्याला मालक दुप्पट घाबरवतो.

*

आमच्या मिलचे शेवटी काय झाले ते सांगून थांबतो.

गड्याचे बोट गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही अकरा जण पट्ट्यासमोर बसलो. घोषणा दिल्या नाहीत. नुसते बसलो. मालक आला, शिव्या देऊन गेला. रस्त्यावर धानाचे ट्रक लागले. दुसऱ्या दिवशी मिस्त्री येऊन आमच्यात बसला. तो आमच्या जातीचा नाही, आमच्याकडचे पाणी आजवर त्याने घेतले नव्हते. त्या दिवशी दुपारी त्याने माझ्या बाटलीतले पाणी प्याले, तोंड लावून. कोणी काही बोलले नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी वेल्डर आला आणि पट्ट्याला जाळी बसली. आणीबाणीची दोरी अजून बसलेली नाही. ती मागतो आहोत. भरपाईचे तेरा टक्केही मागतो आहोत, वकील बघितला आहे.

गाव मार्कंड्याचे म्हणून लोक मला देवळाविषयी विचारतात. वैनगंगेच्या काठावर ते दगडी काम उभे आहे, महाशिवरात्रीला लाखाचा मेळा भरतो. लोक मूर्ती बघतात. मी छिन्नीची खूण शोधतो. दगड गुळगुळीत झाला की नाही हे कोणीतरी बोट फिरवून बघितले असेल. त्याचे नाव कुठे कोरलेले नाही.

आमच्या गड्याचे नाव मी इथे लिहीत नाही, कारण त्याची नोकरी जाईल. पण नाव आमच्या वहीत आहे, तारखेसह, कोणते बोट, किती पेर, सगळे. तुमच्या गावातही अशी वही उघडा. मिल असो, गोदाम असो, वीटभट्टी असो, गटार असो. कोणाचा हात, कुठल्या यंत्रात, कोणत्या दिवशी. पुढच्या १६ ऑक्टोबरला चांद्याला येताना ती वही घेऊन या. आपण बसू आणि बेरीज करू.

जयभीम.